न चालणारी नाणी

आमच्या गावात अजूनही कोणी लोभापायी फसलं की लोक म्हणतात, "सुमनबाईच्या नाण्यांसारखं झालं." सुमनबाई म्हणजे माझी आई. एखाद्या बाईचं नाव गावाच्या म्हणीत जाऊन बसलं की ते तिथून उठवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी लिहिते आहे, कारण ती म्हण खोटी आहे. नाणी आईची होती. लोभ दुसऱ्यांचा होता. ही वेगवेगळी माणसं होती, आणि गावानं सोयीसाठी त्यांचं एक माणूस करून टाकलं. इतक्या वर्षांनी राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

गिरडची टेकडी आमच्या अंगणातून दिसायची. गावाबाहेर विहिरीखालची थोडी जमीन, तिच्यात बारा महिने भाजीपाला: वांगी, मेथी, पालक, मिरची, आणि सांभार. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाहेरची माणसं हा शब्द ऐकून इडलीबरोबरचं काही समजतात. बाबा पाण्याचं आणि खुरपणाचं बघत, आई बाजाराचं. पहाटे मोटार सुरू झाली की तिच्या घरघरीनंच मला जाग यायची. उठून पाहावं तर आई ओसरीत मेथीच्या ढिगाजवळ बसून जुड्या बांधत असायची. सुतळीचं एक टोक दातात, दुसरं हातात. मातीचा आणि ओल्या पाल्याचा वास घरभर. चुलीवर भाकरी, तव्याच्या कडेला मिरच्या भाजत ठेवलेल्या, त्यांच्या ठसक्यानं बाबा अंगणात खोकायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मारतं का वं सकाय-सकाय?" आई हसायची. ती हसली की सुतळी दातातून सुटायची. सुखाचं घर होतं ते. पुढचं सांगण्याआधी एवढं नोंदवून ठेवणं मला जरूर वाटतं.

आठवड्यात एक बाजार गिरडचा, एक समुद्रपूरचा. सुट्टीच्या दिवशी मीही आईबरोबर पालाखाली बसायची. त्या दिवसांत आमच्या भागात नाण्यांची एक विचित्र पंचाईत झाली होती. दहाची नाणी दुकानदार घेईनात. कोणी म्हणे नकली आहेत, कोणी म्हणे बंद झाली. प्रसंगानिमित्त काढलेली, नेहमीपेक्षा वेगळ्या चित्रांची नाणी तर हातात घेऊन परत फेकत. मग ज्यांच्याकडे ती साचत ते आईकडे येत, कारण आई घ्यायची. "सरकारनं काढलं ते कसं नाई चालन?" एवढंच तिचं म्हणणं. आणि त्यातलं एखादं निराळं दिसलं, कशावर देवी, कशावर गव्हाची ओंबी, कशावर कुठल्या पुढाऱ्याचा चेहरा, की ती ते पदराला पुसून बाजूला ठेवायची. बाजारात दुपारी सगळ्या बाया आलुबोंडा आणि रस्सा खायच्या. आई त्या दिवशी खायची नाही. "आज भूक नाई," म्हणायची. त्या आलुबोंड्याचे पैसे गल्ल्यात टाकून ते नाणं ती स्वतःचं करायची. घरच्या पैशातलं एकही नाणं तिनं कधी ठेवून घेतलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ठणकावून सांगते.

लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत ती नाणी राहायची. फडताळात, मसाल्याच्या डब्यांमागे. कधी दुपारी निवांत असली तर ती बरणी चटईवर उपडी करायची आणि मला विचारायची, "हे काय लिवलं हाय, वाच बरं." मी वाचून दाखवायची. कसली तरी शंभर वर्षं, कसली पन्नास. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक नाणं कोणत्या बाजारात कोणी दिलं ते तिला आठवायचं. एक गिरडच्या दर्ग्याला आलेल्या म्हातारीनं दिलेलं, एक एसटीच्या कंडक्टरनं. बाबा जाता जाता म्हणायचे, "भंगार जमा करून राह्यली तुही माय." चेष्टेनंच म्हणायचे. आईला वाईट वाटत नसे. त्या घरात तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, आणि जे होतं त्याच्यावर कोणाचा डोळा नव्हता, हे तिच्या बरंच पथ्यावर पडलेलं होतं.

बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, समुद्रपूरला किराणा दुकान चालवायचे. शेती त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. पण शेतीविषयीचा, घराविषयीचा आणि माझ्याविषयीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. बाबा त्यांच्यासमोर खाटेवर बसत नसत. आई तर त्यांच्याशी बोलतच नसे. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, डोक्यावर पदर, मान खाली, आणि काही सांगायचंच झालं तर मुलांच्या तोंडून. "बेबी, मोठेबाबाले विचार, च्या ठेवू का?" ते हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी विचारायची. ते मला उत्तर द्यायचे. आई ते ऐकून चहा ठेवायची. लग्न झाल्यापासून आई त्यांच्याशी एक शब्दही सरळ बोललेली नव्हती. लहानपणी मला हा खेळ वाटे. आता वाटतं, एखाद्या माणसाचा आवाज बंद करायची याहून स्वस्त युक्ती कोणाला सुचली नसेल.

आणि याच मोठेबाबांच्या दुकानात गल्ल्यावर पुठ्ठा टांगलेला होता: "दहाचे नाणे चालणार नाही."

मी बारावी झाले तो उन्हाळा. माझा वर्ध्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. आमच्या गावातली पहिली मुलगी. वांग्याच्या पैशातून आईबाबांनी फी बाजूला काढून ठेवली होती, आणि आई बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाचच सांगायची, "बेबीले पांढरे कपडे घ्याचे हायेत." अशात एका सकाळी मोठेबाबांची मोटारसायकल आमच्या अंगणात येऊन थांबली. सणावाराशिवाय ते कधी येत नसत. चपला काढायच्या आतच त्यांनी बाबांना विचारलं, "बेबीची माय ते शिक्के जमवते ना? कुठी हायेत?" बाबांनी फडताळाकडे बोट दाखवलं. मोठेबाबा सरळ स्वयंपाकघरात गेले. मसाल्याचे डबे बाजूला सारून बरणी काढली आणि खाटेवर ओतली. आई चुलीजवळ कढीसाठी डाळीचे गोळे वळत होती. तिचे हात वाटलेल्या डाळीत तसेच राहिले. तिला कोणी विचारलं नाही. बरणी कोणाची, हात लावू का, एवढंसुद्धा नाही.

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक माणूस सांगत होता की देवीचं चित्र असलेलं जुनं नाणं ज्याच्याकडे असेल त्याला लाखो रुपये मिळतील. खाली फोन नंबर. मोठेबाबांनी देवीचं नाणं शोधलं, उजेडात धरून फोटो काढला, पाठवला, आणि लगेच तिकडून फोन आला. आवाज मोठा करून त्यांनी तो सगळ्यांना ऐकवला. हिंदी बोलणारा, गोड, अदबशीर. "बधाई हो भाईसाब, माताजी की कृपा है आप पर. हमारी कंपनी खुद ले जाएगी. बस रजिस्ट्रेशन करना पड़ेगा." बाबांचे डोळे मी कधी इतके मोठे झालेले पाहिले नव्हते. ज्या वस्तूला ते वर्षानुवर्षं भंगार म्हणत होते ती त्यांनी पंच्यानं एकेक पुसायला घेतली. आणि मोठेबाबांच्या तोंडी 'आपले शिक्के' हा शब्द आला. आपले!

रजिस्ट्रेशनचे पैसे त्याच दिवशी गेले. दोन दिवसांनी पुन्हा फोन: गाडी निघाली आहे, पैशाची पेटी घेऊन माणूस निघाला आहे, फक्त टॅक्स आधी भरावा लागेल. ही रक्कम मोठी होती. मोठेबाबा बाबांना म्हणाले, "बेबीच्या फीचे पडून हायेत ना? ते टाक. परवा लाख आले की तिले नर्स काय, डाक्टर कर." आई दाराआड उभी होती. तिनं मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मोठेबाबाले विचार, पैसे देणारा मानूस आपल्यालेच पैसे काऊन मागते?"

मी विचारलं. शब्दन् शब्द तसाच.

मोठेबाबा माझ्याकडे बघून हसले. "तुह्या मायले सांग, ही सांभाराची जुडी नोहे. याच्यात तिले समजत नाई."

बाबाही हसले. मी नंतर बाबांना पुष्कळ माफ केलं, पण ते हसणं नाही.

दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "चाल, विचारून येऊ." नाणी तिनं रुमालात बांधून घेतली. देवीचंही, मोठेबाबांनी ते बाबांच्या ताब्यात देऊन ठेवलं होतं, आईनं ते पंच्याच्या गाठीतून सोडून घेतलं. बाबांना तिनं एवढंच सांगितलं, "आम्ही येतपर्यंत पैसे देऊ नोका." हिंगणघाटला गाडी बदलून आम्ही वर्ध्याला पोहोचलो. सराफ्याजवळ एका गल्लीत जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्याचं दुकान आहे असं कोणीतरी सांगितलं. काचेच्या पेटीमागे पन्नाशीचा एक माणूस टीव्ही पाहत बसलेला होता. आईनं रुमाल सोडला. त्यानं नाणी हातातसुद्धा घेतली नाहीत. पेन्सिलच्या टोकानं इकडेतिकडे केली.

"व्हिडिओ पाहून आले ना?" तो म्हणाला. "रोज येतात लोक."

"याची किंमत किती होते?" आईनं विचारलं.

"पाचाचे पाच, दहाचे दहा. बाई, ही नाणी टाकसाळीनं ढिगानं काढली. बाजारात फिरून फिरून घासली गेली. टाकसाळीच्या डबीतलं, कोणी न हाताळलेलं असतं तर थोडे जास्त मिळाले असते. हे जुनं ओंबीचं आहे, त्याचे मी चार पैसे वरती देईन. लाख-बिख कोणी देत नाही." मग त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "फोनवर पैसे मागितले का? मागितले असतील तर देऊ नका. दिले असतील तर विसरून जा, आणि आणखी देऊ नका."

"ओंबीवालं देता का?" आम्ही निघालो तेव्हा त्यानं विचारलं.

"विकाले नाई आणले," आई म्हणाली. "विचाराले आणले."

तिला मी त्या दिवशी वर्ध्याच्या स्टँडवर तर्री-पोहे खाताना पाहिलं. आवडीनं खाल्ले तिनं. आपल्याला उत्तर मिळालं, आपण वेळेवर विचारलं, पोरीची फी वाचली, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

घरी आलो तर मोठेबाबा ओसरीत बसलेले. आईनं पदर घेतला, माझ्या आडून सगळं सांगितलं. मी मोठ्यानं म्हणत गेले. ऐकून ते बाबांकडे वळले. "पाह्यलं? तो दुकानदार चोट्टा हाय. बायांले भेवाडून स्वस्तात काढून घेनार होता. ओंबीचं मागून राह्यलता म्हणते ना? मंग!" बाबांनी आईकडे बघितलंही नाही. उठले, आत गेले, आणि गव्हाच्या कोठीत ठेवलेले माझे पैसे आणून भावाच्या हातावर ठेवले.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारची बाई कुंपणाशी आली इतकं मोठ्यानं ओरडले. बाबांच्या हाताला धरलं. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाले, "बेबी, मोठ्या मानसाच्या मधात बोलू नोको." आपण अडाणी होतो, म्हणून फसलो, असं बाबा पुढे सांगायचे. लोकही तसंच म्हणतात: बिचारे खेड्यातले, त्यांना काय कळणार. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आम्हाला कळलं होतं. घरात उत्तर आलं होतं, गाडीभाडं खर्चून आणलं होतं. फक्त ते दोन बायांच्या हातून आलं, एवढाच त्याचा दोष.

पैसे पाठवले त्या संध्याकाळी फोन लागला. दुसऱ्या दिवशी लागला नाही. नंतर कधीच लागला नाही. फीची मुदत येऊन गेली. बाबा वावरातून उशिरा यायला लागले. आई रोजच्यासारखी भाकर वाढत राहिली. मोठेबाबा आठवडाभर फिरकले नाहीत. त्यांचं स्वतःचं काही गेलं नव्हतं. रजिस्ट्रेशनचेही त्यांनी बाबांकडूनच घेतले होते.

मग समुद्रपूरचा बाजार आला. आम्ही पाल टाकून बसलो होतो. शेजारी मिरच्या विकणारी बाई आईकडे झुकून म्हणाली, "काय वं सुमन, लाखाची हाव सुटली म्हणते तुले? पोरीची फी घालवली म्हणते? तुह्ये भासरे सांगून राह्यलते दुकानात. म्हणे, मी लय समजावलं, पन बाईमानूस आयकलंच नाई."

आईच्या हातात तराजू होता. गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं होतं. तिनं तराजू खाली ठेवला, गल्ल्याच्या पोत्याखाली हात घालून सकाळपासून आलेली दहाची नाणी मुठीत घेतली आणि उठली. मी मागे धावले. दुकानापर्यंत ती एकदाही थांबली नाही. वाटेत पदर डोक्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. आई लोकांतून वाट काढत गल्ल्यासमोर गेली आणि मूठ उघडली. नाणी काचेवर वाजली.

"साखर द्या."

मोठेबाबांनी आधी नाण्यांकडे पाहिलं, मग तिच्या उघड्या डोक्याकडे, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे. "बेबी, तुह्या मायले सांग, हे शिक्के चालत नाई इथं."

"बेबीले काऊन सांगता?" आई म्हणाली. "मी समोर उभी हाओ. मले सांगा."

आईचा आवाज खाली येत नव्हता.

"चालत नाई? तुमच्या दुकानात दहाचे दहाले चालत नाई, अन् फोनवर लाखाले चालत होते? माह्या बरणीले हात लावाच्या आंधी मले विचारलं होतं का? मी मागितले होते का लाख? वर्ध्याले जाऊन विचारून आली, तवा कोन म्हणे, तिले समजत नाई? अन् आता हाव मले सुटली?"

"बाईमानसानं भर बाजारात…" मोठेबाबा म्हणायला लागले.

"भर बाजारातच बोलीन. तुम्ही भर बाजारातच सांगतलं ना! पोरीची फी त्या चोट्ट्याले कोनी देल्ली, ते सांगा इथं. सांगा ना."

कोणीतरी मागून हसलं. एका शेतकऱ्यानं खिशातून नाणं काढून आईच्या नाण्यांशेजारी ठेवलं. "मंग माह्यंबी घ्या सेठ, अन् चहापत्तीचा पुडा द्या." त्याच्यामागे आणखी एक. मोठेबाबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी साखर तोलली. घाईत थोडी काट्याबाहेर सांडली. आईनं पिशवी घेतली आणि आम्ही पालाकडे परत आलो. ते गिऱ्हाईक अजून तिथंच उभं होतं. आईनं त्याची वांगी तोलून दिली.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण तसं होत नाही. बाबा तक्रार द्यायला तयार नव्हते, घराची इज्जत जाईल म्हणत होते. आई मला घेऊन ठाण्यात गेली, त्यांनी तक्रार लिहून घेतली, पैसे काही परत आले नाहीत. कॉलेजातली माझी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ते वर्ष मी ओसरीत मेथी बांधत काढलं. पुढच्या वर्षापासून आई बाजारातले पैसे बाबांच्या हातात देईनाशी झाली. स्वतःच्या नावावर ठेवायला लागली, आणि त्यातून मी लहानसा कोर्स करून एका उपकेंद्रात कामाला लागले. लोक मला सिस्टर म्हणतात. मला जी व्हायचं होतं ती सिस्टर मी नाही, हे मला एकटीला माहीत आहे.

आईनं नाणी ठेवली नाहीत. एकेका बाजाराला दोन-चार, सुट्टे म्हणून गिऱ्हाइकांना देऊन टाकली. देवीचं, ओंबीचं, कंडक्टरनं दिलेलं, सगळं. मी म्हटलं, "राहू दे ना वं, तुले आवडतात." ती म्हणाली, "आता पाह्यलं की त्याइचेच तोंड दिसते." फी गेली त्याहून मला या वाक्याचा जास्त राग आहे. पैसे चोरणारा दूर कुठंतरी बसला होता, त्यानं आईला पाहिलंही नव्हतं. हे मात्र घरच्यांनी नेलं.

म्हाताऱ्या बाबांना शेवटची वर्षं मीच सांभाळलं. आई आधी गेली होती. ओसरीत खाटेवर पडल्या पडल्या त्यांना जुनं काहीबाही आठवायचं, आणि फिरून फिरून ते त्याच उन्हाळ्यापाशी यायचे. "त्या साली आपलं नशीबच फुटकं होतं, बेबी," म्हणायचे. मी त्यांच्या गोळ्या काढत असे. गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "नशीब नाई, बाबा. आईनं विचारलं होतं. तुम्ही आयकलं नाई." शेजारची बाई मला म्हणायची, म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, त्याचा जीव दुखतो. दुखत असेल. माझाही दुखला होता. बाबा मान हलवायचे. होकारानं की नकारानं, ते मला कधी कळलं नाही. गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी नशिबाचं नाव घेतलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि पुन्हा तेच सांगितलं.